रविवारची गरम भाकरी

वनमालाबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या, त्या रागापोटी. तुळजापुरात या गोष्टीची बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, मुलगा पुण्यात मोठ्या नोकरीवर आहे, त्यानंच नाद लावला असणार. कुणी म्हणालं, रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी सुचतंच. खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांच्यावर राग होता त्या त्यांच्या नवऱ्याला, नारायणरावांना, तर ते स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

नारायणराव म्हणजे देवीच्या गावातले पिढीजात उपाध्ये. सोलापूर, लातूर, विदर्भ, थेट कर्नाटकातून त्यांचे यजमान यायचे. कुळधर्माला आलेली ही माणसं उपाध्यांच्याच घरी उतरायची. पूजा, अभिषेक आणि मग पुरणपोळीचं जेवण. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा ठरलेली. नवरात्रात तर दिंडीदरवाजा लावायलाच मिळायचा नाही. वनमालाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. पहाटे उठून पुरण शिजवायचं, वाटायचं, कटाची आमटी फोडणीला घालायची, तेव्हा कुठं शाळा गाठायची. संध्याकाळी पायातल्या चपला काढल्या की पुन्हा ओट्याशी. पंगती उठल्यावर त्या जेवायला बसत, तेव्हा पोळीचा कड वाळलेला असे आणि आमटीवर साय धरलेली असे.

नारायणराव वाईट माणूस नव्हते. खरी पंचाईत तीच होती. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी ताटाला नाव ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन मऊ आवाजात सांगायचे, "वनमाला, अजून सातजण आहेत बरं का." आणि परत वळताना म्हणायचे, "तुझ्या हातामुळं आपलं नाव आहे." अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? वनमालाबाई पोळ्या लाटत राहिल्या आणि राग आतल्या आत मुरत राहिला.

शाळेतून निवृत्त झाल्या त्या दिवशी गावकऱ्यांनी मोठा समारंभ केला. शाल, नारळ, मुलांची भाषणं. शाळेच्या अंगणात सतरंज्या टाकून जेवण मांडलं होतं. जुन्या विद्यार्थ्यांच्या आयांनी मिळून स्वयंपाक केला होता, बाईंसाठी म्हणून मुद्दाम भरली वांगी आणि धपाटे. ताट पुढ्यात आलं, पहिला घास मोडायच्या आत फोन वाजला. अमरावतीकडचे यजमान न सांगता आले होते. नारायणराव म्हणाले, "जेवण काय, तिथलं राहिलं तरी चालेल. इथं माणसं ताटकळलीत." वनमालाबाई ताटावरून उठल्या. शाल खांद्यावर तशीच होती. घरी येऊन ती खुंटीला टाकली आणि परातीत कणीक घेतली.

त्या आठवड्यातच त्यांनी मोटार ट्रेनिंगच्या दुकानात नाव घातलं. निवृत्तीच्या रकमेतून जुनी पांढरी गाडी घेतली. मुलाचा, कैवल्यचा, पुण्याहून फोन आला की आई, या वयात कशाला? बाई म्हणाल्या, "या वयात नाही तर कधी? आधी वेळ होता का मला?" आणि रविवारी सकाळी, यजमान असोत की नसोत, वनमालाबाई गाडी काढू लागल्या. जायचं कुठं, तर जेवायला. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं, आपल्याला वाढलेलं, तव्यावरून थेट ताटात पडलेलं.

मोठ्या रस्त्यावरचे ढाबे त्यांनी सोडून दिले. तिथं सगळीकडं तोच लाल रस्सा आणि तीच पनीरची भाजी. त्या आतल्या रस्त्यांना लागायच्या. येरमाळ्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये दह्याबरोबर धपाटे खाल्ले. भूमकडं खव्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, तिकडं एका हॉटेलात खव्याची पोळी खाल्ली आणि दुपारभर तिथंच बाकावर बसून राहिल्या. रस्ता चुकला तरी बिघडत नव्हतं. तुरीच्या रानातून एकट्या बाईला गाडी चालवत जाताना बघून माणसं थांबायची, आणि बाई काच खाली करून विचारायच्या, "इथं घरगुती जेवण कुठं मिळतं हो?"

पहिलं वर्ष असं सुखात गेलं. मग हळूहळू त्यांच्या नजरेला एक गोष्ट टोचायला लागली. खानावळीच्या पाटीवर सदा पुरुषाचं नाव. अमक्या अण्णांचं घरगुती जेवण, तमक्या दादांची भाकरी. फ्लेक्सवर पिळदार मिशांचा फोटो. आणि मागं, पत्र्याखाली, धुराच्या लोटात एखादी बाई, कधी दोघी. शनिवार-रविवारी पुण्या-सोलापूरच्या गाड्या येत. लोक ताटाचे फोटो काढत, गल्ल्यावरच्या माणसाबरोबर फोटो काढत. मागच्या बाईचा फोटो कुणी काढल्याचं वनमालाबाईंनी पाहिलं नाही. त्या मग जेवणाआधी सरळ मागं जाऊन बसू लागल्या. चुलीपाशी बसायचं, दोन शब्द बोलायचं. त्यांना वाटायचं, एवढं केलं म्हणजे आपण इतरांसारख्या नाही.

उमरग्याहून मुरूमकडं जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर अशीच एक लिंगायत खानावळ त्यांना सापडली. मालकाचं नाव महांतप्पा, आणि चुलीवर त्याची बायको शरणम्मा. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं बोलण्यात निम्मं कानडी. पापडासारखी पातळ कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं, दही आणि रविवारी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ-दुधातली खीर. शरणम्माच्या हाताची भाकरी बघत राहावी अशी. थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका धरलेला असायचा. पन्नाशीची, सावळी, कमी बोलणारी बाई. चार-पाच रविवार वनमालाबाई तिथंच गेल्या. कुठल्याशा खवय्यांच्या मंडळानं महांतप्पाला स्मृतिचिन्ह दिलं होतं, ते गल्ल्यामागं काचेत लावलेलं होतं. ते घ्यायला तो फेटा बांधून सोलापूरला गेला होता. शरणम्माला विचारलं, तू गेली होतीस का? ती म्हणाली, "रविवार होता की."

वनमालाबाईंनी ते घरी येऊन नारायणरावांना सांगितलं. नारायणराव हसले. पण त्यांना उत्सुकता वाटली असावी, कारण पुढच्या रविवारी ते स्वतःहून म्हणाले, "चल, मी पण येतो. बघू तरी तू कुठं जातेस." वनमालाबाईंना बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा? त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली. नारायणरावांनी घरच्या पाण्याची बाटली बरोबर घेतली. नळदुर्गापर्यंत ते प्रत्येक ट्रक समोर आला की पाय दाबत होते, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली होता. उमरगा मागं पडल्यावर मात्र सैलावले आणि दोन्ही बाजूंच्या ज्वारीकडं बघत कुठल्या यजमानाची इथं जमीन आहे ते सांगू लागले.

खानावळीपुढं गाड्यांची रांग लागली होती. सोलापूरहून पाच-सहा कुटुंबं मिळून आली होती, फोनवर आधी सांगून. कडुनिंबाखाली महांतप्पाची मोटारसायकल उभी होती. आत जागा नव्हती, तरी महांतप्पानं बाईंना ओळखून कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं. गर्दी बघून बाईंनी त्या दिवशी मागं जायचं टाळलं. उगाच तिच्या कामात अडथळा नको, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भूक लागली होती, आणि नवरा समोर बसून जेवतोय, आपणही बसून जेवतोय, हे त्यांना फार दिवसांनी मिळालं होतं.

जेवण सुरेख होतं. नारायणरावांनी हुग्गी दोनदा घेतली. वनमालाबाईंनी पहिली भाकरी संपवली आणि सवयीनं मागच्या दाराकडं हाक दिली, "शरणम्मा, एक गरम येऊ दे गं." भाकरी आली. ती खाऊन त्यांनी आणखी एक मागितली. तीही आली, फुगलेली, वाफ निघणारी.

हात धुऊन येताना नारायणराव गल्ल्यापाशी थांबले आणि मनापासून म्हणाले, "महांतप्पा, तुमच्या हाताला चव आहे हो. असं जेवण मी बाहेर कुठं जेवलो नाही."

महांतप्पानं छातीवर हात ठेवला. "आईची कृपा," तो म्हणाला.

वनमालाबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हा माणूस, ज्यानं जन्मभर आपल्या हातचं खाल्लं, त्याला चूल कोण फुंकतंय हे इथंही दिसू नये? कुणाच्या हाताला चव आहे हे निदान तिला तरी जाऊन सांगावं, म्हणून त्या तरातरा मागच्या दारानं आत गेल्या.

आत धूर होता. शरणम्मा चुलीपुढं बसली होती, पाठ ताठ, नजर परातीत. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. दोन्ही हात पिठात होते. बाईंना बघून ती म्हणाली, "तेवढं उचला की ओ बाई. कानाला लावा माझ्या."

बाईंनी फोन उचलला. कानाला लावायच्या आतच पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "मावशी, कुठवर आलीस? लवकर ये. डॉक्टर म्हणालेत, बोलावून घ्या सगळ्यांना."

शरणम्मानं ते ऐकलं. कानडीत दोनच शब्द बोलली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

वनमालाबाईंनी विचारून विचारून काढलं. शरणम्माची थोरली बहीण उमरग्यात दवाखान्यात होती. आई लवकर गेलेली, या बहिणीनंच शरणम्माला वाढवलं होतं. सकाळी भाकरीचं पीठ मळतानाच भाचीचा, शिवकन्याचा, फोन आला होता. महांतप्पाला सांगितल्यावर तो म्हणाला, सोलापूरची माणसं यायलीत, ती उठली की तीनच्या बसनं जा. म्हणून ती भाकरी थापत बसली होती. उमरगा तिथून गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर. आणि मोटारसायकल बाहेर कडुनिंबाखाली उभी.

वनमालाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. जन्मभर वर्गात मुलांना दटावलं होतं, पण हा आवाज त्यातला नव्हता. त्यांनी भरल्या खानावळीत महांतप्पाला विचारलं, की बायकोची बहीण मरणाच्या दारात आहे आणि तू तिला चुलीपुढं बसवलंस?

महांतप्पा ओरडला नाही. खाली बघून, गल्ल्यावरचा बडीशेपेचा वाडगा सारखा करत म्हणाला, "म्या कुठं अडवलंय तिला? तीनच्या गाडीनं जा म्हणलं की. एवढी माणसं जेवायला बसल्यात, त्यांना उठवू का?"

अगदी मऊ आवाजात. वनमालाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. या आवाजानंच त्यांना शाळेच्या अंगणातल्या ताटावरून उठवलं होतं.

इतक्यात मागून नारायणराव म्हणाले, "वनमाला, त्यांच्या घरातला प्रश्न आहे. आपण पडू नये. ये, बस. ताक राहिलंय तुझं."

त्यांनी नवऱ्याकडं वळून बघितलं. नारायणरावांच्या ओठाला हुग्गीचं दूध लागलेलं होतं. बाई म्हणाल्या, "ताक तुम्ही प्या. आणि पिऊन झालं की आत जा. परातीत पीठ मळलेलं आहे, तवा तापलेला आहे. दोघं पुरुष आहात, भाकऱ्या तुम्ही थापा आणि तुमची पंगत तुम्ही उठवा."

मग खिडकीपाशी बसलेला एक गृहस्थ, बहुतेक सोलापूरच्या मंडळींतलाच, चाचरत म्हणाला, "ताई, आमच्या इथल्या दोन भाकऱ्या यायच्या होत्या."

वनमालाबाई त्याला काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. एवढं खरं, की तो माणूस मान खाली घालून बसला आणि त्याच्या बायकोनं पुढ्यातलं ताट सरकवलं.

आत जाऊन त्यांनी शरणम्माला दंडाला धरून उठवलं. ती चटकन उठली नाही. पीठ वाया जाईल म्हणाली, चूल अशीच टाकून कसं यायचं म्हणाली. शेवटी तिनं फडक्यानं तवा उचलून बाजूला ठेवला, जळती लाकडं ओढून त्यांवर पाणी शिंपडलं, आणि पिठाच्या हातानंच निघाली. दोघी खानावळीच्या मधून गेल्या. महांतप्पा दारात आला होता, पण आडवा आला नाही. शरणम्मानं त्याच्याकडं बघितलं नाही.

गाडी रस्त्याला लागली आणि वनमालाबाईंचं तोंड सुटलं. महांतप्पाला, त्याच्या स्मृतिचिन्हाला, सोलापूरच्या मंडळींना, त्यांच्या फोटोंना, सगळ्यांना त्यांनी झोडपून काढलं. भाकरीवाचून यांचे जीव जातात का, म्हणाल्या. एका बाईचा जीव चुलीत घालून यांना रविवार साजरा करायचा असतो, म्हणाल्या. शरणम्मा खिडकीबाहेर बघत होती. खड्ड्यातून गाडी आदळली तरी ती हलत नव्हती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाई, एक गरम येऊ दे म्हणून तुमीच हाक मारली न्हवं? दोनदा?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारत होती. वनमालाबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. पहिल्या हाकेच्या वेळी उठून आत डोकावल्या असत्या तर? किंवा आल्या आल्या, दर रविवारसारखं? भूक लागली होती म्हणून बसल्या. आपल्याला कुणीतरी गरम वाढावं, एवढीच तर इच्छा होती, आणि ती काही पाप नव्हती. पण ती गरम भाकरी ज्या हातांनी आली त्या हातांना फोन उचलता येत नव्हता.

दवाखान्याच्या दारातच शिवकन्या उभी होती. तिच्याकडं बघूनच कळलं. ती म्हणाली, "आत्ताच की गं मावशी. पाणी मागितलं, तुला विचारलं, आणि…" शरणम्मा तिला बाजूला सारून आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला नाही. वनमालाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. त्यांना वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. नुसता राग होता, पण आता तो टाकायचा कुणावर हे समजत नव्हतं. महांतप्पावर होताच. नारायणरावांवर होता. स्वतःवर होता, आणि तो सगळ्यात कडू होता.

शरणम्माचे नातेवाईक आले, तिला घेऊन बहिणीच्या गावाकडं जायची तयारी झाली, तेव्हा वनमालाबाई उठल्या. निघताना शरणम्मानं त्यांचा हात धरला नाही. फक्त मान हलवली. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला तिच्या बोटांचे पिठाचे ठसे वाळले होते.

नारायणरावांना आणायला खानावळीकडं परत वळायचं होतं. फाट्यापाशी बाईंनी गाडी हळू केली, आणि मग सरळ तुळजापूरचा रस्ता धरला.

नारायणराव दिवेलागणीला घरी आले. जीपनं उमरगा, तिथून एसटीनं नळदुर्ग, पुन्हा एसटी. धोतराला चिखल आणि चेहरा पडलेला. त्यांनी सांगितलं की खानावळीत पुढं काय झालं. निम्मी माणसं तशीच उठून गेली. महांतप्पानं स्वतः भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती तव्यावरच तुटली. आपण मात्र बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, म्हणाले. चारचौघांत तू माझी शोभा केलीस, म्हणाले. आणि मग त्यांनी ते विचारलं, जे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"वनमाला, मी कधी तुझ्यावर आवाज चढवला का?"

"नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "चढवला असता तर मला तेव्हाच भांडता आलं असतं."

त्या रात्री त्यांनी निवृत्तीच्या दिवसाची गोष्ट काढली. नारायणरावांना तो दिवस आठवेना. शाळेत समारंभ होता एवढं अंधुक आठवलं. पण अमरावतीचे यजमान मात्र लख्ख आठवले. कुणाचा नातू बरोबर होता, कुणी आमटी वाटीनं प्यायली, किती वाखाणणी झाली, सगळं. वनमालाबाई ऐकत राहिल्या. सांगता सांगता नारायणरावांनाच काहीतरी उमगलं असावं, कारण ते अर्ध्यात थांबले आणि उगाच उपरणं झटकून त्याची घडी घालू लागले.

"पुढच्या मंगळवारपासून यजमानांचा स्वयंपाक मी करणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग एखादी बाई ठेवू या," नारायणराव लगेच म्हणाले.

"पुन्हा बाईच?"

मंगळवारी यजमान आले. नारायणरावांनी दारातच सांगितलं की पूजा इथं होईल, जेवणाची सोय बाहेर बघावी लागेल. सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. काही घराणी पुढच्या खेपेला दुसऱ्या उपाध्यांकडं गेली. ते दुःख नारायणरावांनी बरेच दिवस घरात बोलून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं, पण ओट्याकडं गेल्या नाहीत. आता दोघांपुरता स्वयंपाक होई. एका दुपारी नारायणरावांनी विचारलं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या की बंद करायचा? बाईंनी सांगितलं. भात चिकट झाला. दोघांनी तो खाल्ला, कुणी वाखाणला नाही.

रविवारची गाडी मात्र महिनाभर निघाली नाही. वनमालाबाईंना वाटे, कुठंही गेलं तरी मागं कुणीतरी बसलेली असणारच, आणि आपण पुढं बसलेल्या. दुसऱ्याच्या हातचं खायचंच नाही, असं तर म्हणता येत नव्हतं. मन धुमसत राहिलं. कैवल्यनं फोनवर सांगितलं, खवय्यांच्या ग्रुपवर लोक विचारतायत की मुरूम रस्त्यावरची खानावळ बंद का आहे. कुणीतरी लिहिलं होतं, इतक्या लांब गेलो आणि हात हलवत परत आलो, मालकानं गिऱ्हाइकाचा विचार करायला हवा. बाईंनी फोन ठेवून दिला. पण खानावळ बंद आहे हे त्यांच्या मनात राहिलं. बारा ठिकाणचे विचार आले. महांतप्पानं तिला घरात घेतलं नाही की काय? आपण तावातावानं तिला उठवून नेलं, आणि निस्तरायला ती एकटी?

म्हणून पुढच्या रविवारी त्या निघाल्या. नारायणराव येतो म्हणाले नाहीत, आणि बाईंनीही विचारलं नाही.

खानावळीपुढं एकही गाडी नव्हती. दाराला कुलूप नव्हतं, पण बाक उलटे घालून ठेवले होते आणि चुलीचा धूर नव्हता. महांतप्पा ओसरीवर बाजेवर बसून शेंगा फोडत होता. बाईंना बघून तो उठला नाही. शरणम्मा बहिणीच्या गावी राहिली होती, बोलावूनही आली नव्हती, हे त्यानं आपणहून सांगितलं. आठ दिवसांमागं आली, ती एक अट घालून. रविवारी चूल पेटणार नाही. बाकीचे दिवस करीन, रविवारी न्हाय. गावातल्या चार शहाण्या माणसांनी तिला समजावलं, रविवारचंच तर गिऱ्हाईक. तिनं ऐकलं नाही. सांगताना त्याच्या तोंडावर राग होता, आणि थोडी भीतीही.

"तुमच्यापायी झालं हे," तो म्हणाला.

"माझ्यामुळं नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "तिनं ठरवलं. तुझी मोटारसायकल तेव्हा इथंच उभी होती, महांतप्पा. एवढं ध्यानात ठेव."

त्यानं एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाला, "झोपलीय आत. उठवू का?"

"मुळीच नको," बाई म्हणाल्या.

त्या परत गाडीत येऊन बसल्या. भूक लागली होती, चांगलीच. पलीकडच्या गावात एखादी टपरी असेल, नसेलही. वनमालाबाईंनी गाडी चालू केली, तीही हळूच, आणि रस्त्याला लागेपर्यंत हॉर्न वाजवला नाही.